साडेसात कोटी वर्षांची भोकं

"मामा, तुझ्याकडे थोडे दिवस एक कवटी ठेवली तर चालेल का?" असं भाचीने अमेरिकेहून फोनवर विचारलं, तेव्हा माझ्या जागी कुणीही विचारी गृहस्थ असता तर त्याने निदान "कुणाची?" एवढं तरी विचारलं असतं. मी म्हटलं, "मामीला विचारून सांगतो."

मामीने विचारलं, "वास येतो का?"

वास येण्याचा प्रश्न नव्हता, कारण कवटी प्लास्टिकची होती. पण त्याआधी भाचीच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. ती साडेसात कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या चिमुकल्या प्राण्यांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन काढते. आमच्या ताईला, म्हणजे तिच्या आईला, हे लोकांना सांगताना अवघड जातं, म्हणून ती नुसतं "आमची डॉक्टर आहे" म्हणते, आणि मग लग्नकार्यात बायका भाचीला गाठून गुडघे दाखवतात. मला मात्र तिचा फार अभिमान. इतका की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत, मधुमेह, मृत्युपत्र आणि पुन्हा मधुमेह अशी व्याख्यानांची यादी वाचून झाल्यावर मी हात वर केला आणि भाची भारतात आली की तिचं भाषण ठरवून टाकलं. भाचीला हे नंतर कळलं. ती बिचारी "बरं" म्हणाली. फक्त लोकांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून तिने पुण्यातल्या एका थ्रीडी प्रिंटवाल्याकडे एका कवटीची फाइल पाठवली. मूळ कवटी पाच सेंटिमीटरची. छापायची दहापट. अर्धा मीटर लांबीची ती सुट्या भागांत येणार होती, भाची येऊन जोडणार होती, आणि माझ्याकडे काम एवढंच होतं: "मामा, तू फक्त घरी आणून ठेव. हात लावू नकोस."

ह्या वाक्याचा उत्तरार्ध मी आयुष्यात कधीही पाळलेला नाही. आमच्याकडे नळ दुरुस्तीला जो प्लंबर येतो तो चपला काढायच्या आधी विचारतो, "काकांनी हात लावलाय का?" आणि आतून "हो" असा मामीचा आवाज आला की तो दोनशे रुपये वाढवून सांगतो.

खोकं रिक्षातून आणलं. आत पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे, प्रत्येकावर नंबर, आणि कागदावर प्राण्याचं नाव: झालांबडालेस्टेस. नाव तीनदा म्हटल्यावर माझी कवळी हलली. पण मी बँकेत उमेदवारी केलेला माणूस. फाइल न वाचता पुढे सरकवायची नाही ही सवय. भाचीने पूर्वी कधीतरी पाठवलेले लेख काढले, चष्मा शोधला, आणि सांगतो तुम्हाला, मी जो त्या मंगोलियाच्या गोबी वाळवंटात शिरलो तो जेवायला हाक आली तेव्हाच बाहेर पडलो.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने रॉय चॅपमन अँड्र्यूजच्या नेतृत्वाखाली मंगोलियात मोहिमा पाठवल्या होत्या. १९२३ साली त्यांना 'फ्लेमिंग क्लिफ्स' नावाच्या लालभडक कड्यांपाशी डायनासोरची अंडी मिळाली आणि सगळं जग अंड्यांनी वेडं झालं. त्याच हंगामात वॉल्टर ग्रेंजर ह्या गृहस्थाला वालुकाश्माच्या एका गोळ्यात इवलीशी कवटी सापडली, तिच्यावर 'न ओळखलेला सरपटणारा प्राणी' अशी चिठ्ठी लागली आणि ती अंड्यांच्या मागोमाग मुकाट न्यूयॉर्कला गेली. तिथे तिच्यावरचा दगड काढल्यावर विल्यम मॅथ्यू ह्या जाणत्याच्या लक्षात आलं की हा सरपटणारा प्राणी नाही, हा तर डायनासोरच्या काळातला सस्तन प्राणी! मॅथ्यूने पत्र धाडलं: असल्या आणखी कवट्या काहीही करून मिळवा. पत्र १९२५ साली त्याच कड्यांपाशी तंबूत पोचलं. ग्रेंजरने ते वाचलं, उठला, कड्याच्या पायथ्याशी गेला आणि तासाभरात दुसरी कवटी घेऊन परत आला.

तासाभरात! तेही वाळवंटात. मी चष्मा कपाळावर असताना तो शोधण्यात ह्याहून जास्त वेळ घालवलेला आहे.

पुढच्या काही दिवसांत त्या मंडळींनी आणखी कवट्या जमवल्या आणि १९२६ साली ग्रेगरी आणि सिम्प्सन ह्या दोघांनी त्यांतल्या एकीला झालांबडालेस्टेस हे नाव दिलं. सिम्प्सन तेव्हा चोविशीत होता. चोविशीत मी क्लिअरिंगला होतो आणि मलाही नावं ठेवली जात.

मला ह्या सगळ्या हकिगतीत सर्वांत काय भावलं असेल तर ती अंडी. म्हणजे त्या अंड्यांचं पुढे जे झालं ते. ती अंडी प्रोटोसेराटॉप्स नावाच्या शाकाहारी डायनासोरची, असं मोठमोठ्या लोकांनी ठरवलं. त्यांच्याजवळ मेलेल्या दुसऱ्या एका डायनासोरला अंडीचोर ठरवून ओव्हिरॅप्टर असं चोराचं नाव दिलं. आणि १९९३ साली तसल्याच अंड्यात पिल्लू सापडलं तर ते त्या चोराच्याच घराण्यातलं निघालं. बिचारा आपल्याच अंड्यांवर बसणाऱ्यांतला. एवढी विद्वान माणसं सत्तर वर्षं चुकू शकतात, तर मी दोन-चार प्लास्टिकचे तुकडे जोडून बघायला काय हरकत आहे, असा माझा सरळ हिशोब होता. मामी माहेरी गेली होती. हेही एक कारण.

सुरुवात खालच्या जबड्यापासून केली. जबड्याचे दोन अर्धे भाग, डावा आणि उजवा. ते मी मोठ्या निगुतीने वरच्या कवटीला बसवले आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांना कौतुक करायला वर बोलावलं. डॉक्टर कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"काय हो, हा जेवत कसा असेल?"

"किडे खायचा," मी माहिती पुरवली.

"खायचा खरा, पण दात गालाच्या बाहेर ठेवून?"

डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. डॉक्टरांनी ते उलटवून दिलं, आणि मग ते स्वतःच त्यात असे रमले की चहाचे दोन कप तिथेच झाले. खालचे पुढचे दोन दात त्यांना फार आवडले. लांब, पुढे झुकलेले, मुळाशी उघडे. "हा दात जन्मभर वाढतो. आणि बघा, इनॅमल फक्त पुढच्या बाजूला. उंदराला असंच असतं." डॉक्टरांना माहीत नव्हतं, पण मी नुकतंच वाचलं होतं म्हणून मोठ्या रुबाबात सांगितलं, की अशाच खुणांवरून २००१ साली आर्चिबाल्ड आणि मंडळींनी ह्या घराण्याला ससे-उंदरांच्या पूर्वजांच्या जवळ नेऊन बसवलं होतं. तसं असतं तर वार असलेल्या सस्तन प्राण्यांची, म्हणजे तुमची-आमची, शाखा डायनासोर असतानाच फुटलेली होती असं ठरलं असतं. २००७ साली जॉन वाइबल आणि त्यांच्या साथीदारांनी गोबीतल्याच माएलेस्टेस नावाच्या आणखी एका प्राण्याचं वर्णन करताना सगळ्यांची नवी कुंडली मांडली आणि झालांबडालेस्टेसला पुन्हा घराबाहेर काढलं. आपला नातेवाईक, पण आपल्यातला नाही.

"चुलत," डॉक्टर म्हणाले.

"लांबचा चुलत. लग्नाला बोलवायचा, पण आहेराची अपेक्षा नाही."

डॉक्टर गेल्यावर मी एकटा उरलो आणि मला ती भोकं दिसली.

आता इथे तुम्ही माझी बाजू समजून घ्या. एवढे पैसे मोजून छापून घेतलेली वस्तू, आणि जिथे बघावं तिथे भोकं. डोळ्याच्या पुढे गालावर एक चांगलं ऐसपैस भोक. डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या काठावर एक. खोबणीच्या आत भिंतीत दोन-तीन. आणि कवटी उलटी करून खालची बाजू पाहिली तर तिथे भोकं, चिरा, खोबणी ह्यांचा नुसता बुजबुजाट. मला त्या प्रिंटवाल्याचा संताप आला. गिऱ्हाईक अमेरिकेत आहे म्हणून कसाही माल खपवायचा? पण भांडण आपल्या स्वभावात नाही. स्वभावात एम-सील आहे.

दुपारभर मी एम-सील मळत होतो. एक काळा गोळा, एक पांढरा गोळा, दोन्ही एकजीव करायचे, बोट पाण्यात बुडवून चोपडून घ्यायचं. गालावरचं भोक बुजवलं, डोळ्यातली बुजवली, खालच्या बाजूला तर मी असा सुबक गिलावा केला की कुणी म्हणणार नाही इथे कधी काही होतं. वरून पॉलिश पेपर मारला. कवटीला असा गुळगुळीतपणा आला की तिच्यावर हात फिरवत मी एकटाच हसत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एखादी दुरुस्ती इतकी पक्की झाली होती.

राहिला कान. कानाचे भाग वेगळ्या पुडीत होते: हातोडी, ऐरण आणि रिकीब. शाळेत ही नावं सगळ्यांनी पाठ केलेली, पण त्यांची जन्मकथा शाळेत सांगत नाहीत. हातोडी आणि ऐरण ही एकेकाळी जबड्याची हाडं. सरड्याच्या जबड्याचा सांधा आजही त्यांच्यावर चालतो. सस्तन प्राण्यांत जबडा एकाच हाडाचा झाला, नवीन सांधा मिळाला, आणि जुन्या सांध्याची ती हाडं आकसत आकसत कानात सरकली. रायशर्ट नावाच्या जर्मन माणसाने गर्भाच्या वाढीकडे बघून हे १८३७ साली ओळखलं. म्हणजे आपण ऐकतो ते चावायच्या हाडांनी ऐकतो. मामीला हे नंतर सांगितल्यावर ती म्हणाली, "तरीच तुम्हाला जेवताना हाक मारली की ऐकू येत नाही."

रिकीब मात्र मूळची कानातलीच. तिच्या मधल्या भोकातून बऱ्याच जुन्या सस्तन प्राण्यांत एक रोहिणी जायची. आपल्यातही गर्भात ती रोहिणी येते, रिकीब तिच्याभोवती घडते, आणि मग रोहिणी नाहीशी होते. भोक तेवढं जन्मभर राहतं. मॉडेलमध्ये त्यासाठी लाल दोरा दिला होता. दहापट मोठी करूनही ती रिकीब सेंटिमीटरभराचीच, आणि तिच्या भोकातून दोरा ओवायचा. मी दोरा चाटला, एक डोळा मिटला, हात खिडकीकडे नेला, आणि टिक असा आवाज झाला.

टिक ह्या आवाजाचं दुःख असं, की तो कुठून आला ते कळतं. वस्तू कुठे गेली ते कळत नाही.

मी गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघर धुंडाळलं. फ्रिजखाली बॅटरी मारली, तिथे आमच्या मुलाच्या लहानपणाची एक गोटी मिळाली. ओट्याखाली झाडू फिरवला. डब्यांची झाकणं उघडली. नंतर कामवाल्या मावशी आल्या, मला जमिनीवर आडवा पाहून आधी घाबरल्या, मग सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "काका, मी सकाळीच म्हटलं होतं, फरशी पुसल्याशिवाय कामाला बसू नका." रिकीब सापडली नाही ती नाहीच. कागदावर भाचीच्या अक्षरात टीप होती, की मूळ कवटीत कानाची ही बारकी हाडं टिकलेली नाहीत, म्हणून मॉडेलमधली आजच्या प्राण्यांवरून बेतलेली आहेत. म्हणजे त्या प्राण्याची पहिली रिकीब गोबीच्या वाळूत हरवली होती. दुसरी कोथरूडमध्ये.

पण मी खचणाऱ्यांतला नाही. शिवणाच्या डब्यात ब्लाऊजच्या हुकांचं पाकीट होतं. हूक अडकतो ती जी चपटी कमान असते, तिचा आकार, तुम्हाला खोटं वाटेल, अगदी हुबेहूब रिकिबीचा. पांढरा नेलपॉलिश लावला. दोरा एका झटक्यात ओवला गेला. निसर्गाने हाच आकार आधी का घेतला नाही असं वाटून गेलं.

भाची आली. विमानातून उतरून, अंघोळ न करता, तिने आधी कवटी पाहिली. ती काही बोलली नाही. तिने ती उचलून उलटी केली. मग पुन्हा सुलटी केली. मग पुन्हा उलटी केली आणि खाली स्टुलावर बसली.

"मामा," ती म्हणाली, "भोकं कुठं गेली?"

"बुजवली," मी अभिमानाने म्हणालो. "प्रिंटवाल्याचा चक्क निष्काळजीपणा होता. तू काळजी करू नकोस, मी त्याला काही बोललो नाही."

पुढचा अर्धा तास तिने मला, अजिबात आवाज न चढवता, जे सांगितलं ते ऐकून मला तिच्या आईची आठवण झाली. ताई निदान ओरडायची. गालावरचं ते ऐसपैस भोक म्हणजे मुस्कट आणि मिश्यांकडे जाणाऱ्या नसेची वाट. अंधारात मिश्यांनी जग चाचपणाऱ्या प्राण्याचं ते सर्वस्व. डोळ्याच्या काठावरचं भोक म्हणजे अश्रू नाकात उतरायची नळी. डोळ्याच्या आतलं मधलं भोक म्हणजे दृष्टीच्या नसेचं. आणि ते भोक स्वतंत्र असणं हीच तर खूण, कारण अमेरिकेतल्या ओपॉसमसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत त्या नसेला वेगळी वाट नसते, ती शेजारच्या मोठ्या फटीतूनच जाते. मी एम-सीलच्या एका गोळीने त्या प्राण्याला आंधळा तर केलाच होता, वर कांगारूंच्या घरी दत्तक दिला होता.

"आणि खालची बाजू?" मी हळूच विचारलं.

खालची बाजू म्हणजे तिचा पीएचडीचा प्रबंध होता.

तिथे कानाला कवटाळून असलेलं एक हाड असतं, फार घट्ट आणि जड, म्हणून बाकी कवटीचा चुरा झाला तरी ते टिकतं. त्याच्यावर अर्ध्या वाटाण्यासारखा एक उंचवटा असतो आणि त्याच्या आत ऐकण्याचा शंख. उझबेकिस्तानात सापडलेल्या डॉलेस्टेस नावाच्या आणखी जुन्या प्राण्याच्या शंखाला एक पूर्ण वळसा आहे, आपल्याला अडीच. त्या उंचवट्यावर, त्याच्या आसपास, बारीक खोबणी आणि भोकं असतात. रक्तवाहिन्या साडेसात कोटी वर्षं टिकत नाहीत, त्या जिथून गेल्या ती खोबण टिकते. मेंदूकडे जाणारी रोहिणी मधून गेली की कडेने, रिकिबीची रोहिणी होती की नव्हती, कुठल्या भोकातून बाहेर पडली, ह्यावर नाती ठरतात. आणि हे वाचण्यात मोठमोठे फसलेले. आणखी कवट्या मिळवा असं पत्र लिहिणारा तो मॅथ्यू, त्याने १९०९ साली मांडलं की मुळात मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या प्रत्येक बाजूला दोन होत्या, एक मधली आणि एक बाजूची. पुढे पिढ्यान्पिढ्या लोक दोन दोन मोजत राहिले. १९७९ साली प्रेस्ली नावाच्या माणसाने गर्भांचा अभ्यास करून दाखवलं की रोहिणी एकच, ती वाढताना जागा बदलते.

"बघ," मी म्हणालो, "त्यांनी एकाच्या दोन केल्या."

"तू होत्या तेवढ्याही ठेवल्या नाहीस, मामा."

त्या रात्री ती आणि मी जेवणाच्या टेबलावर सुया, टाचण्या आणि मामीची लोकर विणायची सुई घेऊन एम-सील उकरत बसलो. तिने मध्येच सांगितलं, की प्रयोगशाळेत नेमकं हेच करतात; सूक्ष्मदर्शकाखाली कवटीवरची वाळू, दगड, सुईच्या टोकाने कणाकणाने काढतात, आणि एकेका कवटीला महिनोन् महिने लागतात. वॉर्सॉच्या झोफिया किएलान-यावोरोव्स्का ह्या बाईंनी तर पोलंड-मंगोलियाच्या मोहिमा १९६३ पासून १९७१ पर्यंत चालवल्या, केन्नालेस्टेस, आसिओरिक्टेस, बारुनलेस्टेस अशा एकेक कवट्यांना नावं दिली, आणि ह्यांतल्या पहिल्या दोन तर पाच नाही, तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या. बाईंचा जन्म १९२५ चा. म्हणजे ग्रेंजर तंबूतून उठून कड्यापाशी गेला त्याच वर्षीचा. आता सीटी स्कॅनमुळे दगड न काढताही आतलं दिसतं, हे खरं. "पण," भाची म्हणाली, "एम-सील स्कॅनवर कसं दिसेल ते मला माहीत नाही. कुणी करून पाहिलेलं नाही." 'कुणी करून पाहिलेलं नाही' हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

मोठी भोकं सापडली. बारकी काही सापडली, काही, माझा संशय आहे, आम्ही नवीन पाडली.

भाषणाच्या दिवशी सभागृह भरलं, कारण मी सगळ्यांना "भाचीचं मधुमेहावरही वाचन आहे" असं सांगून ठेवलं होतं. ती बोलली फार छान. पण खरी मजा प्रश्नोत्तरांत आली. पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलं, हा चिचुंद्रीच ना? भाचीने सांगितलं की दिसायला नाकाड तसा, पण चिचुंद्रीचा सख्खा कुणी नाही. दुसऱ्या आजींनी थेट बाळंतपणाचं विचारलं, पिल्लं किती दिवसांनी व्हायची म्हणून. तर ह्याचंही उत्तर हाडांत निघतं! १९९७ साली नोव्हाचेक आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं, की झालांबडालेस्टेस आणि त्याच्या शेजारच्या उखाथेरियमला कंबरेच्या हाडांच्या पुढे, पोटाकडे गेलेली दोन जास्तीची हाडं होती. आज ती कांगारूला आणि ओपॉसमला असतात, आपल्याला नाहीत. तेव्हा लांबलचक गरोदरपण बहुधा ह्या प्राण्यांच्या नशिबी नव्हतं. आजी म्हणाल्या, "सुटल्या बायका."

मग मागून एक गृहस्थ उठले. नागपूरचे. नागपूरचा माणूस पुण्याच्या सभेत उठला की अध्यक्ष घड्याळ बघतात. त्यांनी विचारलं, "ते गोबी-बिबी ठीक आहे जी, पण आपल्याकडे काही आहे की नाही?"

"आहे ना," भाची म्हणाली, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ती ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, आता तेलंगणात असलेल्या नास्कल इथे, तळ्याची माती चाळण्यांतून धुऊन धुऊन दाण्याएवढे दात वेगळे करण्यात आले, दोन मिलिमीटरच्या आतले. गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी ह्यांनी १९८८ साली ते प्रसिद्ध केले. भारतातला डायनासोरच्या काळातला पहिला सस्तन प्राणी: डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. पुढे घोट्याची हाडं मिळाली, त्यांवरून तो झाडावर चढणारा असावा असं दिसलं. आणि नावातले हिस्लॉप म्हणजे नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांनी नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म जगापुढे आणले आणि जे १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून गेले.

नागपूरकर उभेच होते. "मी हिस्लॉप कॉलेजचा आहे," ते म्हणाले, आणि एवढ्या विजयी मुद्रेने बसले की तो दात त्यांचाच असावा असं सभागृहाला वाटलं.

"कवटी?" अध्यक्षांनी विचारलं.

"डेक्कनोलेस्टेसची कवटी हातात नाही," भाची म्हणाली. "दात आहेत, हातापायांची हाडं आहेत." मग माझ्याकडे एक कटाक्ष टाकून तिने जोडलं, "आहे ते जपून ठेवलंय."

शेवटी लोकांना कवटी जवळून पाहायला बोलावलं. रांग लागली. दंतवैद्य डॉक्टर पुढच्या दातांपाशी उभे राहून आपणहून माहिती देत होते. त्यांना हटवणं कुणाला जमलं नाही. मी कानाच्या बाजूला उभा राहून लाल दोऱ्याकडे बोट दाखवत "ही रिकीब, हिच्यातून रोहिणी जायची" असं अधिकारवाणीने सांगत होतो. एवढ्यात टेलरिंगचे क्लास घेतलेल्या एक बाई वाकल्या, चष्मा नाकावर आणला, आणखी वाकल्या.

"अहो," त्या सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा तर ब्लाऊजचा हूक!"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं. मग ती हसायला लागली, इतकी की तिला टेबलाला धरावं लागलं, आणि तिने मोबाइल काढून त्या कानाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, तिकडच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना दाखवायला. जाताना कवटी ती संघाला भेट देऊन गेली. मी नवी रिकीब छापून आणतो म्हटलं तर ती म्हणाली, "नको मामा, तू काहीही आणू नकोस. हाच राहू दे." संघाच्या कपाटात काचेआड झालांबडालेस्टेस आहे, उजव्या कानात हुकासकट, आणि खाली कार्डावर 'जोडणी' म्हणून माझं नाव आहे.

मामी माहेरून परतली, कपाटापाशी जाऊन बघून आली, आणि घरी येऊन पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "कौतुक झालं असेल तर तो हूक परत आणा. निळ्या ब्लाऊजचा आहे."